विजोड कपबश्या: जमवलेल्या आणि उरलेल्या

कपाटात चार कप चार तऱ्हांचे दिसले की लोक निकाल लावून मोकळे होतात: या घराला टापटीप नाही. हल्ली उलटा निकालही ऐकू येतो, की विजोड भांडी ठेवणारी माणसं रसिक. दोन्ही ऐकून मला वीट आलाय.

एकसारखा सेट सगळ्यांना ठाऊक आहे. तो एवढंच सांगतो, की सगळं एकदमच घरात आलं. बोन चायना (हाडांची राख मिसळलेली चिनी माती) की स्टोनवेअर (जाड भाजकी माती), स्वस्त की महाग, याचा इथे काही संबंध नाही.

गफलत होते ती ‘विजोड’ म्हणताना. या एका शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो: जमवलेली भांडी आणि उरलेली भांडी.

जमवलेल्यांत काहीतरी एक मुद्दाम सारखं राखलेलं असतं. वेजवुड या इंग्लंडमधल्या भांडी बनवणाऱ्या कारखान्याने १७७४ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी पन्नास जणांचा सेट पूर्ण केला. त्यावर ब्रिटनमधली हजाराहून जास्त वेगवेगळी दृश्यं आहेत, पण हिरव्या बेडकाचं चिन्ह सगळीकडे तेच. पुढे फिनलंडचे डिझायनर काय फ्रँक (Kaj Franck) यांची ‘किल्टा’ भांडी १९५३ मध्ये आली, ती सुटी मिळायची. रंग ज्याने त्याने निवडावेत, आकार मात्र एकमेकांशी जुळणारे. अशा ताटल्या एकावर एक ठेवल्या तर डुगडुगत नाहीत. (दुकानातून खोक्यात तयार मिळणारे सहा ‘विजोड’ कप म्हणजे सरळसरळ सेट आहे. त्याला विजोड म्हणू नये.)

उरलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे कोणी काही निवडलेलं नसतं, रोजच्या वापराने निवडलेलं असतं. आधी जातात ते कप, कारण कान बाहेर आलेला असतो आणि धक्का तिथेच बसतो. म्हणून अशा घरात बश्या जास्त, कप कमी. एखादी ताटली उजेडात तिरकी धरून बघा. मधोमध चमच्यांच्या करड्या रेघा दिसतील, आणि वरच्या ताटलीच्या बुडाची खरखरीत कड घासून उमटलेलं पुसट वर्तुळही. आता वीस वर्षांचा जुना सेट घ्या. सहाच्या सहा कप शाबूत, ताटल्यांची चकाकी जशीच्या तशी. तो सेट जपलेला असेल, पण त्यात फारसं कोणी जेवलेलं नाही. फुटून कमी झालेल्या भांड्यांना लोक बेशिस्त म्हणतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ती भांडी त्या घराने वापरली आहेत.

हेळसांड शोधायचीच असेल तर ती विजोडपणात शोधू नका, कडा बघा. टवका उडालेला कप अजून पाहुण्यापुढे येत असेल तर तो दोष खरा. तिथली झिलई गेलेली असते, ओठाला लागतं आणि मळ धरतो.

आणि फुटलेल्या पांढऱ्या कपाच्या जागी ‘साधारण तसाच’ पांढरा कधीच आणू नका. बोन चायनाचा पांढरा किंचित पिवळसर, कडक पोर्सिलेनचा (हाडांची राख नसलेल्या चिनी मातीचा) बहुधा निळसर. शेजारी ठेवले की दोन्ही मळकट दिसतात. त्यापेक्षा तेवढ्याच मापाचा गडद निळा आणा.