रोजगार वाढला, पण काम कसलं?

खानदेशातल्या अहिराणी बोलीत दोन साधे प्रश्न आहेत. "काम शे का?" (काम आहे का?) हा एक आणि "कितला दिन?" (किती दिवस?) हा दुसरा. पर्यटनामुळे रोजगार वाढला असं भाषणात किंवा अहवालात सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मोजलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर वेगळंच निघू शकतं.

याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. देशातल्या रोजगाराचे आकडे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून येतात. त्यात दोन मापं आहेत. पहिलं साप्ताहिक: मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर माणूस कामावर धरला जातो. 2025 पासून दरमहा येणारे आकडे याच मापाचे आहेत. दुसरं माप वर्षाचं. वर्षाचा मोठा भाग जे काम केलं ते मुख्य, आणि 30 दिवस किंवा त्याहून जास्त केलेलं जोडकाम ते दुय्यम.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला, सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, पावसाळ्यात शनिवार-रविवार मक्याची कणसं भाजून विकणारा पोरगा घ्या. जुलै ते सप्टेंबर तेरा आठवडे, आठवड्याला दोन दिवस, म्हणजे 26 दिवस. वर्षाच्या मापात हे काम 30 दिवसांत चार दिवसांनी कमी पडतं, म्हणून ते दुय्यम कामातही येत नाही. पण पाहणी करणारा नेमका त्या हंगामात दारात आला, तर साप्ताहिक मापात तोच पोरगा पक्का रोजगारवाला. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्याच्या घरात वर्षभर काय शिजतं, हे मात्र दोन्हींतून कळत नाही.

म्हणून डोकी मोजण्यापेक्षा माणूस-दिवस मोजावेत, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम हे एक माप. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, तापीकाठी, घोडेबाजारासह भरते. समजा, तिथे एका ठेकेदाराने पंधरा दिवसांसाठी 40 माणसं लावली. 40 गुणिले 15 म्हणजे 600 माणूस-दिवस. वर्षाचे कामाचे 300 दिवस धरले, तर हे दोन माणसांचं वर्षभराचं काम झालं. बातमीत "40 जणांना रोजगार" छापलं तर ते खोटं नाही, पण माणूस-दिवसांचा हिशेब शेजारी हवा. (यात्रेचं काम वाईटच असं मात्र नाही. ज्याची केळी उभी आहे, घरचा व्यवहार शेतीवर चालतो, त्याने पंधरा दिवस भरताचा स्टॉल लावला तर तो वरकड पैसा आहे. त्याच स्टॉलवर भांडी घासणाऱ्याकडे दुसरं काहीच नसेल, तर काम तेच असूनही दर्जा बदलला.)

तोरणमाळवर जरा थांबायला हवं, कारण फरक तिथे सगळ्यात उघडा दिसतो. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे उतरतात आणि होळीला परततात. पर्यटकांची गर्दी पावसाळ्यात होते, म्हणजे नेमकी घरच्या शेतात पेरणी-निंदणी असते तेव्हा. त्यामुळे पावसाळ्यातलं शनिवार-रविवारचं काम घरच्या कामातून वेळ काढून होतं आणि स्थलांतर एका दिवसानेही कमी होत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ गारठलेलं आणि बघण्यासारखं असतं. तेव्हा एखाद्या निवासाने स्वयंपाक, साफसफाई, पाणी, वाटाड्या अशी चार महिन्यांची रोजंदारी सलग दिली, तर ते कुटुंब उसाच्या फडावर जाईलच असं नाही. लेकरांची शाळा सुटत नाही. संख्येत बघाल तर पावसाळ्यातली पन्नास जोडकामं हिवाळ्यातल्या सहा सलग कामांपेक्षा मोठी दिसतील. स्थलांतर थांबवायचं असेल, तर ती सहाच उपयोगाची.

शहरात चित्र वेगळं. अजिंठा लेणी शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी रेल्वेने येणाऱ्याला जळगाव स्टेशन जवळचं, साठेक किलोमीटरवर. त्यावर जळगावातल्या लॉजवाल्यांचा आणि गाडीवाल्यांचा धंदा चालतो. ड्रायव्हरचा दिवस असा: पहाटेच्या गाडीने उतरलेले पर्यटक घ्यायचे, फर्दापूरला गाडी लावायची (तिथून लेण्यांपर्यंत बस), चार-पाच तास उभं राहायचं आणि रात्री परत सोडायचं. चौदा तास सहज होतात. पैसे फेरीमागे मिळतात, थांबलेल्या तासांचे नाहीत. सोमवारी लेणी बंद, म्हणजे त्या दिवशी अजिंठ्याची फेरीच नाही. सुट्टी मिळाली खरी, पण बिनपगारी.

लॉजमधल्या नोकरीची गुणवत्ता पगाराच्या आकड्यावर नाही, पगाराच्या चिठ्ठीवर दिसते. दोन लॉज शेजारी शेजारी, दोन्हीकडे 14,000 रुपये. पहिल्याकडे रोख. दुसऱ्याकडे पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,680 आणि ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 105 कापून, व्यवसाय कर सोडला तर, हातात 12,215. पोरगं पहिलीकडे पळतं, आणि मालक म्हणतो, "यांनाच पीएफ नको असतो." पण दुसऱ्या लॉजचा मालक वरून आणखी 1,680 पीएफचे आणि 455 ईएसआयसीचे भरतो. त्याच्या 1,680 मधले 1,166 पेन्शन योजनेत जातात, उरलेले 514 पीएफच्या खात्यात. आजारपणात दवाखाना आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई ईएसआयसीकडून मिळते. म्हणजे कमी हातात देणारी नोकरी महिन्याला निदान 2,135 रुपयांनी महाग आहे, आणि ती महागाई मालकाच्या खिशातून येते.

इथेच गडबडी होतात. पीएफ 20 माणसांपासून लागतो, ईएसआयसी 10 पासून, म्हणून मस्टरवर 19 नावं ठेवून बाकीचे ठेकेदाराचे दाखवायचे ही जुनी चाल आहे. पीएफसाठी ठेकेदाराकडची माणसंही मोजली जातात, हे कामगाराला कोणी सांगत नाही. दुसरी चाल म्हणजे मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापायचा. कायद्याने तो कापता येत नाही. चिठ्ठीत 24 टक्के कपात दिसली, तर तिथल्या तिथे विचारावं.

आणि "पगारी" म्हणजे "चांगली" हेही समीकरण नाही. नियमित पगारदारांना पीएलएफएसमध्येच वेगळे प्रश्न विचारतात: लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, सामाजिक सुरक्षेचा काही लाभ आहे का. तिन्हींना "नाही" म्हणणारा माणूसही पगारदारांच्याच रकान्यात बसतो.

दर्जा सुधारतो तेव्हा डोकी कमी होऊ शकतात, हे पचायला जड जातं. एक काल्पनिक हॉटेल धरू. अजिंठ्याच्या हंगामात, ऑक्टोबर ते जानेवारी, ते 10 माणसं 120 दिवसांसाठी घेतं. त्यांना सोडून लग्नसराईत दुसरी 10 माणसं 90 दिवसांसाठी. एकूण 20 जणांना रोजगार, 2,100 माणूस-दिवस. तेच हॉटेल दोन्ही हंगाम जोडून, पावसाळ्यात डागडुजी आणि साठलेल्या रजा बसवून 11 जणांना 300 दिवस ठेवतं, तेव्हा माणसं जवळपास निम्मी होतात आणि दिवस 3,300. जळगावात हे जमण्यासारखं आहे, कारण इथले लॉज निव्वळ पर्यटकांवर चालत नाहीत. सोनं घ्यायला येणारी गिऱ्हाइकं आणि लग्नाची वऱ्हाडं वर्षाच्या मोकळ्या जागा भरतात. नुसत्या यात्रेवर जगणाऱ्या गावाला हा टेकू नसतो.

नोकरी धरताना तपासणी पाच मिनिटांची आहे. यूएएन नंबर (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) मागून घ्या, मोबाइलवर उमंग ॲपमध्ये पासबुक उघडा आणि चिठ्ठीतली कपात तिथे जमा दिसते का बघा. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. नोंद दिसायला थोडे दिवस जास्त लागले तर घाबरू नये, पण सलग दोन महिने पासबुक कोरं राहिलं तर पगाराच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवावेत. पीएफ कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तेच जोडायला लागतात.