बा (शब्द)

बा : मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत रोज कानावर पडणारा, पण अर्थाने पूर्ण वेगळा असलेला एकाक्षरी शब्द. मराठीत बा म्हणजे बाप, कन्नडमध्ये बा म्हणजे ‘ये’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात एकाच गल्लीत दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे हे दोन ‘बा’ तिथे शेजारी नांदतात. मराठी इंडो-आर्य कुळातली, कन्नड द्राविड कुळातली. दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा असला, तरी मूळ एक नाही.

कन्नडमधला बा हे ‘बरु’ (येणे) या क्रियापदाचे आज्ञार्थी एकवचन. ‘इल्ली बा’ म्हणजे इकडे ये. आदरार्थी रूप ‘बन्नी’, पण बेळगाव-धारवाडकडच्या बोलीत ‘बर्री’ हेच ऐकू येते. पुरुषाला जवळिकीने ‘बारो’, स्त्रीला ‘बारे’. पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात मराठी घरांत पोचलेल्या पुरंदरदासांच्या ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ या पदातला शेवटचा शब्द म्हणजे हाच बा आणि त्याला जोडून आलेला अम्मा : ये गं आई. पद तोंडपाठ असलेल्या अनेकांना एवढी फोड कळली, तरी ते पद नव्याने ऐकू येते. तमिळ आणि मल्याळममध्ये हाच शब्द ‘वा’ असा आहे. शब्दारंभीच्या ‘व’चा कन्नडमध्ये ‘ब’ झाला : तमिळ ‘वेर्’ (मूळ) कन्नडमध्ये ‘बेरु’, ‘विल्’ (धनुष्य) ‘बिल्लु’, ‘वाय्’ (तोंड) ‘बायि’. म्हणजे कन्नड बा जुन्या द्राविड ‘वा’पासून आलेला आहे आणि बापाशी त्याचा काही संबंध नाही.

मराठी बा हा बाप, बाबा, बापू यांच्या गोतावळ्यातला. खेड्यापाड्यांत वडिलांना थेट ‘बा’ म्हणतात आणि त्याला नामासारखे प्रत्यय लागतात : बानं सांगितलं, बाला विचार. विठोबा, खंडोबा, बिरोबा, जोतिबा या देवांच्या आणि तुकोबा, धोंडिबा या माणसांच्या नावांतही तो आदर आणि माया घेऊन येतो. याशिवाय मराठीत त्याचा तिसरा वापर आहे, आणि कोशांनी त्याची जितकी दखल घ्यावी तितकी घेतलेली नाही. ‘नको बा’, ‘असेल बा’, ‘मला नाही बा माहीत’ या वाक्यांत बा म्हणजे कोणी व्यक्ती नव्हे. तो बोलणाऱ्याचा संकोच, कंटाळा किंवा माघार दाखवतो. काढून टाकला तर वाक्याचा अर्थ तोच राहतो, पण सूर कोरडा होतो.

सीमाभागातल्या माणसाचा या दोहोंत सहसा गोंधळ होत नाही. मराठी पोर हाक मारते, ‘बा, ये.’ कन्नड पोर म्हणते, ‘अप्पा, बा.’ एकात बा हा बोलावला जाणारा, दुसऱ्यात बा हे बोलावणे. दोन्ही भाषांत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि हाक आधी येते. त्यामुळे जागेवरूनच अर्थ कळतो.

बाकीच्या जगातही हे अक्षर पसरले आहे. गुजरातीत बा म्हणजे आई. कस्तुरबा गांधींना सगळे ‘बा’ म्हणत. अर्थात गुजराती मराठीचीच नातलग. मुळीच नाते नसलेल्या भाषांपैकी व्हिएतनामीत बा म्हणजे तीन, आणि दक्षिणेकडे बापही. चिनी मंदारिनमध्ये सपाट स्वरात बा म्हणजे आठ, उतरत्या स्वरात बाप, आणि वाक्याच्या शेवटी हलक्या स्वरात आला तर सुचवण्याचा, मवाळ करण्याचा सूर. फिलिपीन्समधल्या तागालोग भाषेत तो प्रश्न दाखवतो. प्राचीन इजिप्तमध्ये बा हे मृत्यूनंतरही टिकणारे माणसाचे एक अंग होते. चित्रांत ते मानवी डोक्याच्या पक्ष्यासारखे दिसते. हिब्रूत बा म्हणजे ‘आला’ किंवा ‘येतो’, म्हणजे जवळजवळ कन्नडचाच अर्थ, तरी त्या दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही.

याचे कारण साधे आहे. माणसाच्या तोंडाला सोपे ध्वनी मोजके, आणि ओठ मिटून उघडले की ‘बा’ आपोआप निघतो. तान्ही मुले ज्या ध्वनींपासून सुरुवात करतात त्यांतला हा एक. रोमन याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने दाखवले, की आईबापांसाठीचे शब्द जगभर सारखे दिसतात ते मुलांच्या बोबड्या बोलांमुळे. त्यावरून भाषांचे नाते ठरत नाही. ही गोष्ट सीमाभागात विशेष जपायला हवी. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती लावायची आणि तिच्यावर गावाचा हक्क सांगायचा, ही सवय इथे दोन्ही बाजूंना आहे. खरी देवाणघेवाण वेगळी ओळखता येते : अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द द्राविड भाषांकडून मराठीत अर्थासकट आले आणि मराठीच झाले. मराठी घरांतली कल्लाप्पा, यल्लाप्पा ही नावे त्याच वाटेची.

याच्या उलट, शब्दांऐवजी वाक्यरचना जुळल्याचे उदाहरण सीमेच्या अलीकडचे, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूच्या स्थानिक बोलींची वाक्यरचना इतकी सारखी झाली आहे, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र प्रत्येकीने बव्हंशी आपापले राखले.