सायनोटाइप आणि फोटोग्राम: निळ्या छापांची उलगड

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या सामूहिक प्रदर्शनात माझ्या दोन चौकटी शेजारीशेजारी लागल्या होत्या. दोन्ही गर्द निळ्या होत्या आणि दोन्ही हातकागदावर होत्या. एकीत नेच्याचे पान होते, तर दुसरीत एका जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाचे छायाचित्र होते. दोन्हींखाली मी घाईघाईत ‘फोटोग्राम’ एवढाच शब्द लिहिला होता. पहिली चौकट फोटोग्रामही होती आणि सायनोटाइपही होती; दुसरी मात्र केवळ सायनोटाइप होती. हौशी मंडळींकडून हा घोळ वारंवार होतो आणि त्याचे कारणही उघड आहे: आपल्यापैकी बहुतेकांची या दोन्हींशी ओळख एकाच दुपारी, एकाच कागदावर होते. गच्चीवर लेप दिलेला कागद ठेवायचा, त्यावर पान, पानावर काच, आणि मग ऊन दाखवायचे. त्या दुपारी दोन गोष्टी एकदम घडत असतात, आणि त्या वेगळ्या काढून पाहिल्याशिवाय पुढचे काम मनासारखे करता येत नाही असा माझा अनुभव आहे.

सायनोटाइप हे रसायनाचे नाव आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे करायची, ती समप्रमाणात एकत्र करून मंद पिवळ्या दिव्याखाली कागदाला किंवा सुती कापडाला लावायची, आणि लेप अंधारात वाळू द्यायचा, एवढीच त्याची तयारी असते. मी १०० मिलिलिटर पाण्यात पहिल्याचे २० ग्रॅम आणि तेवढ्याच पाण्यात दुसऱ्याचे ८ ग्रॅम घेते. वाळलेला लेप पिवळसर हिरवा दिसतो. त्यावर अतिनील किरण पडले की फेरिक लोहाचे फेरस लोह होते, ते फेरिसायनाइडशी संयोग पावते, आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा रंग कागदाच्या तंतूंत धरला जातो. जिथे ऊन पोहोचले नाही तिथले क्षार साध्या पाण्याने धुऊन निघतात. म्हणूनच सायनोटाइपला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, लागत नाही आणि हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, तेही लागत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही प्रक्रिया शोधली. नवशिक्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

फोटोग्राम हे रीतीचे नाव आहे. कॅमेरा आणि भिंग बाजूला ठेवून वस्तू थेट प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर ठेवली आणि तिच्या सावलीकडून चित्र घडवून घेतले, की तो फोटोग्राम होतो. खाली कोणता लेप आहे, हा प्रश्न त्या नावात येतच नाही. छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट १८३४ पासून मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर पाने आणि लेस ठेवून हेच करत होते, तेव्हा सायनोटाइपचा जन्मही झालेला नव्हता. पुढे १९१९ मध्ये ख्रिश्चन शाड यांनी, आणि १९२२ च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे व बर्लिनमध्ये लास्लो मोहोली-नॉज यांनी ही रीत आधुनिक कलेत आणली. त्यांचे कागद चांदीच्या क्षारांचे होते, त्यामुळे त्यांच्या फोटोग्राममध्ये काळा, पांढरा आणि मधले करडे रंग दिसतात, निळा दिसत नाही.

मग हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले कसे? माझ्या मते त्याचे बरेचसे श्रेय इंग्रज वनस्पती-अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांच्या अप्रतिम कामाला जाते. १८४३ पासून त्यांनी ब्रिटिश समुद्रशैवालांची जी चित्रमालिका पुस्तकरूपाने काढली, तिच्यात शैवालाचा प्रत्येक नमुना सायनोटाइपच्या कागदावर ठेवून उन्हात छापलेला आहे, आणि सोबतचा हस्ताक्षरातला मजकूरही त्याच प्रक्रियेने उतरवलेला आहे. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. निळ्या पाण्यात तरंगावे तसे दिसणारे ते पांढरे शैवाल एकदा पाहिले की दोन्ही शब्दांबरोबर तेच चित्र मनात उभे राहते. खुद्द हर्शेल यांचे बरेचसे सायनोटाइप मात्र कोरीव छापचित्रांच्या प्रती होते, त्यांत वनस्पती नव्हत्या.

दोन्ही गोष्टी हाताने करून पाहिल्या की फरक वाचण्यापेक्षा लवकर समजतो. अंधारखोलीत लाल दिव्याखाली चांदीच्या कागदावर क्रोशाचा रुमाल ठेवला, एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापण्याच्या यंत्राचा, प्रकाश काही सेकंद दिला, आणि कागद डेव्हलपर, त्याचे काम थांबवणारा स्टॉप बाथ व हायपो यांतून काढला, तर रुमालाचा टाका न् टाका स्वच्छ उमटतो, कारण तेवढ्या सेकंदांत दिवाही हलत नाही आणि सावलीही हलत नाही. तोच रुमाल सायनोटाइपवर ठेवला तर पुण्याच्या एप्रिलमधल्या उन्हातही काही मिनिटे द्यावी लागतात, आणि डिसेंबरच्या सकाळी त्याहून कितीतरी जास्त. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे २० मिनिटांत ५ अंश. काचेखाली दाबलेल्या सपाट रुमालाला त्याने काही होत नाही, पण शेवग्याची शेंग किंवा कण्हेरीचे फूल यांसारखी उंच वस्तू काचेविना ठेवली तर तिची सावली कागदावर हळूहळू चालत जाते आणि कडेला फिक्या निळ्याची एक मऊ झालर सोडते. ही झालर मला दोष वाटत नाही. किती वेळ गेला हे चित्रातच नोंदले जाते, आणि ती मिळावी म्हणून मी आता मुद्दाम काच वापरत नाही. पण तिच्यामागे दोन वेगळी कारणे आहेत हे ध्यानात ठेवावे लागते: सावली फोटोग्रामच्या रीतीतून येते आणि तिला सरकायला मिळालेला वेळ सायनोटाइपच्या मंद रसायनातून येतो. झालर नको असेल तर काय बदलायचे, हे त्यावरून ठरते.

आता दिंडी दरवाजाची चौकट पाहू. तो फोटो मी डिजिटल कॅमेऱ्याने काढला, संगणकावर त्याचे रंग उलटे केले, ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, त्याची निगेटिव्ह छापली, आणि ती शीट लेपाच्या कागदावर घट्ट दाबून ऊन दाखवले. छपाईच्या वेळी कॅमेरा नव्हता हे खरे, परंतु कागदावर दरवाजाची सावली पडली नाही. भिंगाने आधीच टिपलेल्या प्रतिमेची प्रत पडली. म्हणून तो सायनोटाइप आहे, फोटोग्राम नाही. याच्या उलट बाजूचा दाखला हळदीचा आहे. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदाला लावून वर पान ठेवले आणि तास दोन तास कडक ऊन दिले, तर उघडी हळद विटते आणि पानाखालची टिकते. नंतर टाकणखाराच्या पाण्याने तो पिवळा रंग तांबूस होतो. हा फोटोग्राम आहे, पण सायनोटाइप नव्हे. इथे पान पार्श्वभूमीपेक्षा गडद येते, त्यामुळे फोटोग्राम म्हणजे नेहमी पांढरी सावली, ही समजूतही या एका कागदाने दूर होते.

रंगावरून ओळखण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. फोनमध्ये निळी छटा दिलेले छायाचित्र सायनोटाइप होत नाही. आणि खरा सायनोटाइप तपकिरीसुद्धा असू शकतो: धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात निळा रंग पिवळट होईपर्यंत उडतो, आणि तोच कागद नंतर दाट चहात ठेवला की चहातले टॅनिन लोहाशी मिळून त्याला काळसर तपकिरी करते. मिश्रमाध्यमात काम करणाऱ्यांना हे ज्ञान रोज लागते. सायनोटाइपच्या कापडावर भरतकाम केले असेल तर ते सोडायुक्त पावडरीने धुऊ नये. खडूची भुकटी घालून अल्कधर्मी केलेला कागद दिसायला उत्तम असला तरी निळ्याला मारक ठरतो. कोलाज चिकटवताना मी मैद्याची खळ वापरते, कारण ती अल्कधर्मी नसते. भिंतीवर सतत प्रकाशात राहिलेला सायनोटाइप फिका पडतो आणि काही दिवस अंधारात ठेवला की बराचसा पुन्हा गडद होतो, म्हणून माझ्या चौकटी मी आलटूनपालटून लावते. यातले एकही पथ्य फोटोग्राम म्हणून नाही. ती सारी सायनोटाइपची पथ्ये आहेत. नीट हायपो दिलेल्या आणि धुतलेल्या चांदीच्या फोटोग्रामला सोड्याची आणि खळीची ही धास्ती नसते, आणि हळदीच्या फोटोग्रामला उजेडापासून वाचवण्याचा अंधाराखेरीज दुसरा उपाय नाही.

एक प्रकार मात्र खरोखर सीमेवरचा आहे. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत अमोनिया प्रिंट (आराखड्यांच्या प्रती काढण्याची नंतरची पद्धत) येण्यापूर्वी जी ब्ल्यूप्रिंट निघत असे, ती रसायनाने निखळ सायनोटाइपच होती. पारदर्शक कापडावर शाईने काढलेला आराखडा लेपाच्या कागदावर ठेवत, आणि निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. त्या रेघा शाईच्या प्रत्यक्ष सावल्या होत्या, कोणत्याही भिंगातून आल्या नव्हत्या, म्हणून काटेकोरपणे तिला फोटोग्राम म्हणता येईल. मी मात्र म्हणत नाही, कारण तिथे वस्तूचे स्वतःचे रूप पाहण्याचा हेतू नव्हता. रेघ फक्त पुन्हा मिळवायची होती. याबाबत दुसरे कोणी वेगळे ठरवले तरी माझा वाद नाही.

प्रदर्शन संपल्यावर मी दोन्ही चौकटींच्या चिठ्ठ्या बदलल्या. नेच्याखाली आता ‘फोटोग्राम, सायनोटाइप, हातकागद’ असे लिहिले आहे, आणि दरवाजाखाली ‘डिजिटल निगेटिव्हवरून सायनोटाइप, हातकागद, रेशमी टाके’. तिसरी चौकट सध्या टेबलावर वाळते आहे. तिच्यात त्याच दरवाजाची निगेटिव्ह खाली आणि जाळी पडलेले पिंपळपान वर ठेवून एकाच उन्हात छापले होते, त्यामुळे पानाच्या शिरा फोटोग्राम आहेत, दरवाजाची कडी फोटोग्राम नाही, आणि निळा दोघांचा एकच आहे. तिची चिठ्ठी दोन ओळींची होणार आहे.