एकच नाव, दोन व्हर्च्युअल मशीन: ऑटो-डिस्कव्हरी कुठे अडखळते

'या नावाचा होस्ट आधीच आहे' असं सांगून डिस्कव्हरी (यंत्रं आपोआप शोधून यादीत घेणारी सोय) अडून बसली, किंवा यादीत एकच सर्व्हर दोनदा दिसू लागला, की आपण आधी सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग टूलला दोष देतो. टूल अगदी निर्दोष असतं असं नाही, पण या गोंधळाची मुळं बरीच जुनी आहेत: बिघाडाला तोंड देण्यासाठी एकाच व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाच्या) दोन प्रती चालवण्याच्या कल्पनेत.

यंत्र बिघडलं तरी व्यवहार थांबू नयेत, ही गरज प्रामुख्याने बँका आणि शेअर बाजारांची. टँडमची 'नॉनस्टॉप' यंत्रणा १९७६ मध्ये आली, १९८० मध्ये स्ट्रॅटस कंपनी सुरू झाली. दोन्हींची भिस्त खास बनवलेल्या हार्डवेअरवर होती. १९९५ मध्ये ब्रेसू आणि श्नायडर या संशोधकांनी वेगळी वाट दाखवली: हार्डवेअर नेहमीचंच ठेवायचं आणि दोन प्रती एका तालात चालवण्याचं काम हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवायचं.

ही कल्पना सर्वसाधारण डेटा सेंटरपर्यंत पोचली ती २००९ मध्ये, व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीस्फिअर ४.० या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीतल्या 'फॉल्ट टॉलरन्स' सोयीमुळे. प्रायमरी (मुख्य) मशीनला मिळणारं प्रत्येक नेटवर्क पॅकेट, प्रत्येक इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा), घड्याळातून वाचलेली वेळसुद्धा लॉगमधून दुसऱ्या होस्टवरच्या (प्रत्यक्ष सर्व्हरवरच्या) सेकंडरीकडे, म्हणजे जोडीच्या प्रतीकडे, जायची आणि सेकंडरी तेच सगळं जसंच्या तसं पुन्हा करायची. तिचं आउटपुट मात्र हायपरव्हायजर टाकून द्यायचा. उलट, सेकंडरीकडून लॉगची पोच आल्याशिवाय प्रायमरीचं उत्तरही बाहेर पडत नसे. एक मर्यादा मात्र जाचक: मशीनला फक्त एक व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर). अनेक व्हीसीपीयू एकाच मेमरीला हात घालू लागले की तो क्रम हुबेहूब उभा करणं फार महाग पडतं. म्हणून २०१५ च्या ६.० आवृत्तीत ही पद्धत सोडून सतत चेकपॉइंट (मशीनच्या त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद) पाठवण्याची पद्धत आली आणि चार व्हीसीपीयू चालू लागले. झेन या हायपरव्हायजरवर 'रेमस' प्रकल्पाने हा मार्ग २००८ मध्येच चोखाळला होता.

मॉनिटरिंगचा प्रवास वेगळ्याच रस्त्याने चालला होता. १९८८ मध्ये एसएनएमपी हा उपकरणांची स्थिती विचारण्याचा प्रोटोकॉल आला. पुढे आयपी पत्ते चाळून उपकरणं शोधणारी टूल्स आली. व्हर्च्युअल मशीन रोज जन्मू आणि मरू लागल्यावर मात्र थेट व्हीसेंटरलाच (व्हीस्फिअरच्या मध्यवर्ती नियंत्रण सर्व्हरला) यादी विचारणं सोयीचं झालं. झॅबिक्स या मॉनिटरिंग टूलमध्ये ही सोय २.२ आवृत्तीत, २०१३ साली आली. गंमत म्हणजे जुनी, ढोबळ आयपी-चाळणी इथे बरोबर ठरायची. सेकंडरी नेटवर्कवर बोलतच नाही, त्यामुळे जोडी एकच दिसायची. व्हीसेंटरच्या यादीत दोघीही असतात.

आणि दोघी सारख्या दिसतात त्या मुद्दामच. फेलओव्हर (प्रायमरी पडल्यावर सेकंडरीने तिची जागा घेणं) झाल्याचं मशीनच्या आतल्या गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिमला कळता कामा नये, म्हणून बायोस यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) तोच ठेवावा लागतो. वेगळा असतो तो व्हीसेंटरपुरता इन्स्टन्स यूयूआयडी. एक ओळख म्हणजे एक मशीन, असं गृहीत धरणारं टूल इथेच फसतं. इन्स्टन्स यूयूआयडी धरला, तर फेलओव्हरनंतर त्याच सर्व्हरचा आलेख तुटतो, कारण कालची सेकंडरी आज प्रायमरी झालेली असते. माझ्या मते जुना इतिहास बायोस यूयूआयडीला बांधावा आणि व्हीसेंटरचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणारा इंटरफेस) जी भूमिका सांगतो (१ म्हणजे प्रायमरी), ती पाहून सेकंडरी गाळावी.

पण गाळून विसरून गेलात, तर ज्यासाठी ही सगळी यातायात केली तेच नजरेआड होतं. एपीआयमध्ये फॉल्ट टॉलरन्सची स्थिती स्वतंत्रपणे मिळते. ती 'रनिंग'वरून 'नीड सेकंडरी'वर (सेकंडरी हवी आहे) गेली, तरी सर्व्हर चालू असतो, पिंगला उत्तर येतं, वापरकर्त्याची एकही तक्रार नसते. संरक्षण मात्र उरलेलं नसतं. नवी सेकंडरी उभी करायला योग्य होस्टच मोकळा नसेल, तर ही अवस्था कितीही दिवस टिकू शकते. सीपीयूच्या आलेखात ती कधीच दिसणार नाही. तिच्यासाठी वेगळा अलर्ट लावावाच लागतो.