नीतिमान 'ठरणे' की नीतिमान 'होणे'?

नवापूर-नंदुरबारकडच्या चर्चमध्ये मराठी प्रवचन ऐकताना 'नीतिमान ठरणे' हा शब्दप्रयोग कधी ना कधी कानावर पडतोच. एरवी आपण असे बोलत नाही. माणूस सज्जन असतो, फार तर निर्दोष सुटतो. मग 'ठरणे' कुठून आले?

मूळ येशूचा प्रेषित पौल याच्या बायबलातल्या रोमकरांस पत्रात आहे, इ.स. ५७ च्या सुमाराचे. सगळ्यांनीच पाप केले आहे आणि देवाच्या कृपेने ते विनामूल्य नीतिमान ठरतात, असे तो तिसऱ्या अध्यायात मांडतो. पापाला त्याने वापरलेला ग्रीक शब्द 'हामार्तिया'. त्याचा जुना अर्थ नेम चुकणे. तीरकामठ्याच्या मुलखात तो फोड करून सांगायला नको. 'नीतिमान ठरवणे' मात्र कोर्टातले आहे : न्यायाधीशाने आरोपीच्या बाजूने दिलेला निकाल. तिथेच मराठी बायबलात 'खंडणी' भरून मिळालेली मुक्ती येते. अर्थ गुलामाच्या सुटकेसाठी मोजलेली किंमत, पण पेपरात रोज खंडणीचे गुन्हे वाचणारी पोरे त्या ओळीला अडखळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

माणूस स्वतःच्या बळावर पाप टाळू शकतो, असे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा ख्रिस्ती शिक्षक पेलागियस याच्या शिकवणीचे सार मानले गेले. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ती खोडून काढली आणि ४१८ मध्ये तिथल्याच कार्थेजच्या परिषदेने ती नाकारली. पण ऑगस्टीनची भिस्त लॅटिन बायबलावर होती, आणि 'नीतिमान ठरवणे'साठी तिथे असलेल्या शब्दाची फोड होते 'नीतिमान करणे'. म्हणजे कृपा माणसाला आतून घडवते. हजारएक वर्षे पश्चिमेकडचे चर्च याच वाटेने गेले. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक लूथर याने निकालाचा अर्थ पुढे आणला : माणूस अजून पापीच आहे, तरी ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे, केवळ विश्वासाने, देव त्याला नीतिमान ठरवतो. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, हे आले. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने उत्तर दिले की नीतिमान ठरण्यात पापक्षमेबरोबर आतले नूतनीकरणही येते. कॅथलिक लोक कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते असे मानतात, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते खरे नाही; कृपेवाचून, निव्वळ कर्मांनी नीतिमान ठरता येते हे मत ट्रेंटनेही धिक्कारले आहे.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलेले. हे लोक संजीवन सभांच्या, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या प्रॉटेस्टंट सभांच्या परंपरेतले. त्यांचा भर स्वतः घेतलेल्या निर्णयावर आणि पालटलेल्या आयुष्यावर. त्यामुळे शिकवण 'ठरण्या'ची, पण पाड्यावरची कसोटी 'होण्या'ची : दारू सुटली का, भगताकडे जाणे थांबले का? मला तरी हे लूथरपेक्षा ट्रेंटच्या जवळचे वाटते, मंडळीतल्या कुणाला ते पटणार नाही.

कृपा हा शब्द इथे नवा नव्हताच. सखाराम महाराजांच्या अमळनेरात स्वतःला पतित आणि विठ्ठलाला पतितपावन म्हणणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नवे होते ते कोर्ट.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्येच लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यात आल्या. खानदेशातले कॅथलिक १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात मोडतात, म्हणजे ते या सहीच्या आत. नवापूरकडची अलायन्स परंपरा सहीबाहेर.