नाण्यावरची दुहेरी अक्षरे: ठशाची चूक की यंत्राचा धक्का?

वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ सध्या गावोगाव फिरत आहेत. यवतमाळ, वाशीमकडच्या आठवडी बाजारांतही लोक सुटे पैसे उलटेपालटे करून पाहू लागले आहेत. त्या नाण्यावर साल आहे २०१२, आणि ते चलनासाठी भरपूर पाडले गेले. देवीच्या चित्राने भाव येत नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी आपल्या नावाने पैसे उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता.

संग्राहक खरा भाव देतात तो टांकसाळीत झालेल्या चुकीला, आणि त्यांतली सर्वात सुंदर चूक म्हणजे ‘डबल डाय’.

नाण्याची नक्षी आधी एका पोलादी हबवर उठावाने कोरलेली असते. हब मऊ पोलादावर दाबला की खोलगट अक्षरांचा ठसा, म्हणजे डाय, तयार होतो. जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. दाबाने पोलाद कडक होई, म्हणून ते भट्टीत तापवून मऊ करत आणि हब पुन्हा दाबत. या दुसऱ्या वेळी हब केसभर जरी फिरला, तरी ठशात अक्षर दोनदा उमटे. मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरे येत. अमेरिकेचा १९५५ चा डबल डाय सेंट असाच प्रसिद्ध झाला.

पण बहुतेक वेळा आपल्याला दिसते ती दुसरीच गोष्ट. यंत्रात ठसा सैल असेल, तर छाप पडल्यावर तो किंचित सरकतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपतो. तिथे सपाट, चकचकीत पायरी तयार होते आणि मूळ अक्षर अरुंद होते, कारण नवा धातू आलेला नसतो, होता तोच दबलेला असतो. डबल डायमध्ये अक्षर उलट रुंद होते, दोन्ही आकार गोलसर उठावाचे असतात आणि टोकाशी खाच दिसते. दहापट दाखवणारे भिंग घेतले की हा फरक कळतो. पायरीवाल्या नाण्याला सहसा जादा भाव नसतो.

हाच न्याय रेघेला. ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उठावदार येते. रेघ खोल असेल, तर तो नुसता ओरखडा. कड तुटकी असेल, तर तिच्या बरोबर समोरची कड पाहावी. छापण्याआधी कोरी चकती दोन बाजूंनी दाबत फिरवून तिची कड उचलतात. एका बाजूला तुकडाच नसला की समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि ती कड फिकी राहते. कानशीने कापलेल्या नाण्यात हे सहसा दिसत नाही.

‘तांदूळ ओढणाऱ्या’ चमत्कारी नाण्यांचा धंदा तर उघड फसवणूक आहे. लोखंडाचा कीस लावलेले दाणे लपवलेल्या चुंबकाकडे सरकतात, त्यात नाण्याची करामत काही नाही. रामदरबाराचे १८१८ सालचे ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे नाणेही कंपनीने कधी पाडले नाही.

एक विनंती: संशयास्पद नाणे तपासण्याआधी चिंच किंवा राखेने घासू नका. त्या घासण्यात अक्षरांच्या कडा झिजतात, आणि सगळा पुरावा त्या कडांवरच असतो.