ब्रिकफिल्म

लेगोसारखे ठोकळे आणि त्यांच्या छोट्या बाहुल्या किंचित सरकवत, प्रत्येक वेळी एक फोटो काढून तयार केलेला स्टॉप-मोशन ॲनिमेशनपट. हात-पाय हलणारी ही बाहुली लेगोने १९७८ मध्ये बाजारात आणली.

नवशिक्याचा पट झटके खातो तेव्हा तो फ्रेम वाढवू लागतो. त्याची सहसा गरज नसते. सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९०० फोटो, पुरतात. १२ वरही भागते. दोष बहुधा अंतरांच्या वाटणीत असतो. हात ९० अंश वर न्यायचा असेल, तर समान टप्पे यांत्रिक दिसतात. त्याऐवजी ५, १०, १५, २०, २०, १२, ८ अंश अशा सात फ्रेम घेतल्या की हात वेग घेतो आणि विसावतो. शेवटची मुद्रा चार-पाच फ्रेम तशीच ठेवावी.

चालणे सर्वांत अवघड. ठोकळ्यांवरील बटणे ८ मिमी अंतरावर असतात आणि तिरका पाय त्यांच्यावर पक्का बसत नाही. म्हणून बाहुली उड्या मारल्यासारखी पुढे जाते. बटणे नसलेल्या गुळगुळीत पट्ट्यांची जमीन करून तळपायाखाली ब्लू-टॅकचा (काढता येणाऱ्या चिकट लगद्याचा) कण लावला, की २-३ मिमीसुद्धा सरकवता येते.

चित्र लुकलुकण्यामागे तीन कारणे असतात: खिडकीतला बदलता उजेड, कॅमेऱ्याची स्वयंचलित मापने आणि अंगावरच्या कपड्यांवरून परतणारा प्रकाश. पडदे लावावेत, गडद कपडे घालावेत, फोटो काढताना दरवेळी एकाच जागी उभे राहावे. फोकस, एक्स्पोजर (चित्रात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही लॉक करावेत. भारतातील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर उघडे राहण्याचा वेळ १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवल्यास ही मंद-तेज चित्रात उतरत नाही. प्लास्टिकवरची चकाकी दिव्यापुढे बटर पेपर धरून मऊ होते, पण तापणाऱ्या बल्बापासून तो दूरच हवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर आणि देखाव्याचा पाया टेबलाला दुतर्फी टेपने घट्ट असावा. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून इअरफोनच्या वायरवरील आवाजाचे बटण वापरतात. ॲपमधील मागच्या फ्रेमची पुसट छाया पाहून पडलेली बाहुली जागेवर आणता येते. पायाच सरकला, तर जुळवत बसण्यापेक्षा नवा कोन घेऊन पुढचा शॉट सुरू करणे शहाणपणाचे.

बाहुलीचे तोंड छापील असते. त्यामुळे बोलणारी कोण हे मान आणि हातच सांगतात. ऐकणारीलाही आठ-दहा फ्रेममागे एखादी बारीक हालचाल द्यावी, नाहीतर ती थिजलेली दिसते.